हौसेचं मोल

अण्णा माझे काका. वय ७६. तरुणपणी कांगा लीग खेळले, टाइम्स शील्डमध्ये ऑफिसच्या संघाकडून सलामीला जायचे. मी कामगारांच्या बाजूने खटले चालवते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोघं गेली कित्येक वर्षं एकाच माणसावरून वाद घालत आलो आहोत. तो माणूस ना मुंबईचा, ना आमच्या काळातला. अँड्र्यू अर्नेस्ट स्टॉडार्ट हे त्याचं नाव. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो मिडलसेक्स काउंटीकडून हौशी खेळाडू म्हणून खेळला आणि पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला. हौशी म्हणजे खेळाचा मोबदला न घेणारा. अण्णांना तो खेळाडूपणाचा आदर्श वाटतो. मला त्याच्या आयुष्यात एका अन्यायी व्यवस्थेचा पुरावा दिसतो. परवा पावसाने सामना थांबला, आम्ही छत्रीखाली बसून राहिलो आणि हा वाद पहिल्यांदाच शेवटापर्यंत गेला. तो झाला तसा मांडते आहे.

अण्णा : मी नेहमीसारखी ४८५ पासूनच सुरुवात करणार. ४ ऑगस्ट १८८६. हॅम्पस्टेड क्लबचा स्टोइक्स संघाशी एका दिवसाचा सामना. आदल्या रात्री स्टॉडार्ट नाचाच्या कार्यक्रमाला गेला, तिथून पत्ते खेळायला बसला, आणि बसल्या बसल्या उजाडलं. झोपायला वेळच उरला नाही. मग पोहून आला, नाश्ता केला आणि तडक मैदानावर. सहा तास दहा मिनिटं खेळून एकट्याने ४८५ काढल्या. संघाच्या झाल्या ८१३. तोवर जगात कुठल्याही दर्जाच्या सामन्यात एवढी मोठी खेळी नोंदलेली नव्हती. पुढे १८९९ मध्ये कॉलिन्स नावाच्या शाळकरी पोराने ६२८ केल्या, आणि २०१६ मध्ये आपल्या कल्याणच्या प्रणव धनावडेने १००९.

मी : आणि त्या दिवशी समोरच्या संघाला बॅटच हातात धरायला मिळाली नाही.

अण्णा : डाव घोषित करायचा नियमच नव्हता तेव्हा. पण बघ, एवढं करून त्याच्या पदरात काय पडलं? एक पैसा नाही. संध्याकाळी हा गडी परत टेनिस खेळायला हजर! अगं, याला हौस म्हणतात. हौसेला मोल नसतं.

मी : हौसेला मोल नसतं, पण हौस परवडावी लागते, अण्णा. तुम्ही तारीख सांगितलीत, वार नाही सांगितला. तो बुधवार होता. आठवड्याच्या मध्ये अख्खा दिवस खेळायला कोणाला जमत होतं? स्टॉडार्टचा जन्म १८६३ चा, साउथ शील्ड्सच्या बाजूचा. चहूकडे कोळशाच्या खाणी. त्याच्या वयाचा खाणीतला मुलगा बुधवारी जमिनीच्या पोटात होता. हा सुखवस्तू व्यापाऱ्याचा मुलगा, घर लंडनला आलं, आणि त्याने शेअर बाजारातला व्यवसाय धरला. तिथली वेळ आपल्या हातातली. म्हणून बुधवार त्याचा होता.

अण्णा : बापाने कमावून ठेवलं हा मुलाचा गुन्हा नाही. मिळालेल्या वेळाचं त्याने सोनं केलं. क्रिकेटमध्ये इंग्लंडचा कर्णधार, रग्बीमध्येही इंग्लंडचा कर्णधार. असे किती झाले? १८८७-८८ च्या हिवाळ्यात तो व्हर्ननच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियात क्रिकेट खेळला. हाच व्हर्नन पुढे आपला संघ घेऊन मुंबईत आला आणि जानेवारी १८९० मध्ये जिमखान्यावर पारशांकडून हरला. क्रिकेटचा दौरा आटोपल्यावर स्टॉडार्ट तिथेच थांबला, कारण इंग्लंडमधून रग्बीचा संघ येत होता. त्या दौऱ्यात ऑगस्टमध्ये कर्णधार सेडन होडी वल्हवताना हंटर नदीत बुडून गेला. परक्या मुलुखात, हादरलेल्या पोरांचा संघ कोणी सांभाळला? पंचविशीतल्या स्टॉडार्टने.

मी : ते मला मान्य आहे. पण त्याच दौऱ्यातली दुसरी गोष्टही सांगा. दौरा काढला होता नॉटिंगहॅमच्या दोन व्यावसायिक क्रिकेटपटूंनी, आल्फ्रेड शॉ आणि आर्थर श्रूजबरी. रग्बीच्या संघटनेला पैशाचा वास आला. हॅलिफॅक्सच्या जॅक क्लाउझने कपडेलत्ते घ्यायला १५ पौंड घेतले होते. तेवढ्यावरून त्याला व्यावसायिक ठरवलं. बिचारा बोटीने ऑस्ट्रेलियापर्यंत गेला आणि एकही सामना न खेळता परत आला. बाकीच्या खेळाडूंकडून, प्रवासखर्चापलीकडे काही घेतलं नाही, असं शपथेवर लिहून घेतलं. गिरण्यांच्या गावातून आलेली पोरं आठेक महिने मजुरी बुडवून जग पालथं घालतात, आणि त्यांनी शपथ घ्यायची की आम्ही काहीच घेतलं नाही! खोटं बोलल्याशिवाय पाळताच येत नाही असा नियम कोणी केला? ज्यांना पैशाची गरज कधी पडलीच नव्हती त्यांनी.

अण्णा : नियम वाईट होता म्हणून माणूस वाईट ठरत नाही. आणि हौशीपणाची एक खरी ताकद होती, ती तू कधी मोजतच नाहीस. ज्याची भाकरी खेळावर नाही, तो धाडस करू शकतो. १८९३ मध्ये लॉर्ड्सवर नेहमीचा कर्णधार ग्रेस नव्हता म्हणून स्टॉडार्ट कर्णधार होता. कसोटी क्रिकेटमध्ये डाव घोषित करणारा तो पहिला कर्णधार. पुढच्याच वर्षी तो संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनीची पहिली कसोटी आठव. ऑस्ट्रेलिया ५८६. इंग्लंडला फॉलो-ऑन. कोणीही हातपाय गाळले असते. इंग्लंडने दुसऱ्या डावात ४३७ केल्या, ऑस्ट्रेलियाला १७७ हव्या होत्या, पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दोन बाद ११३ होत्या. रात्री पाऊस पडला, सकाळी खेळपट्टी चिकट झाली आणि इंग्लंड १० धावांनी जिंकलं. फॉलो-ऑन मिळून कसोटी जिंकण्याची ती पहिली वेळ. दुसरी १९८१ मध्ये हेडिंग्लेवर, आणि तिसरी आपली, २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर. मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत स्वतः कर्णधाराने १७३ काढल्या. मालिका ३-२ अशी जिंकून परतला.

मी : सिडनीला सामना काढून दिला तो बॉबी पीलने. शेवटच्या डावात सहा बळी. आणि पहिल्या डावात त्या तळपत्या उन्हात टॉम रिचर्डसनने ५५ षटकं टाकली होती. त्याने त्या मालिकेत ३२ बळी घेतले, पीलने २७. पाचव्या कसोटीत चौथा डाव जिंकून दिला यॉर्कशायरच्या ब्राउनने, १४० काढून. हे सगळे मजुरीवर खेळणारे. तेरा जणांच्या संघात हौशी पाचच होते.

अण्णा : पीलचं नाव काढलंस म्हणून सांगतो. रात्री पाऊस येईल असं त्याच्या मनातही नव्हतं, सामना गेला म्हणून तो भरपूर प्यायला होता. सकाळी स्टॉडार्टने त्याला थंड पाण्याखाली उभं केलं, शुद्धीवर आणलं आणि हातात चेंडू दिला, असं सांगतात. दुसऱ्या कोणी त्याला घरी पाठवला असता. पोरांना सांभाळून घेणारा कर्णधार होता तो. मजुरीवर खेळणाऱ्याला दुसऱ्या मजुरी घेणाऱ्यावर असा हक्क चालवता आला असता का?

मी : आला असता, आणि आलाही होता. श्रूजबरीने ऑस्ट्रेलियातल्या दोन दौऱ्यांत सात कसोटींमध्ये इंग्लंडचं नेतृत्व केलं. त्यांतल्या पाच जिंकल्या. मायदेशात मात्र त्याला कर्णधारपद दिलं नाही, कारण तिथे कर्णधार जेंटलमनच, म्हणजे हौशीच, असायचा; व्यावसायिक तो 'प्लेयर'. मायदेशातल्या कसोटीत व्यावसायिक खेळाडूला कर्णधार नेमायला १९५२ साल उजाडावं लागलं, लेन हटनसाठी. अण्णा, फरक गुणांचा नव्हता. फरक दरवाजाचा होता.

अण्णा : कुठल्या दरवाजाचा?

मी : खरोखरच्या दरवाजाचा. हौशी खेळाडू पॅव्हेलियनच्या मुख्य दारातून उतरायचे, व्यावसायिक बाजूच्या फाटकातून. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, कित्येक ठिकाणी जेवण वेगळं. हौशी खेळाडूला 'मिस्टर' म्हणायचं. छापील धावफलकावरसुद्धा हौशाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर, नाहीतर नुसतंच आडनाव. स्टॉडार्टच्याच मिडलसेक्सची पुढची गोष्ट. विसाव्या शतकाचा मध्य ओलांडत आला होता, तरी लॉर्ड्सवर टिटमस या व्यावसायिक खेळाडूबद्दल ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती सांगितली गेली, की 'एफ. जे. टिटमस' हे 'टिटमस, एफ. जे.' असं वाचावं. आपल्याला हे लगेच कळतं, कारण आपण याहून वाईट पाहिलं आहे. त्याच १८९० च्या दशकात पुण्यात बाळू पालवणकर साहेबांना नेटमध्ये तासन् तास चेंडू टाकत होते. पुढे हिंदूंच्या संघात आले, तेव्हा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर आणि वेगळ्या भांड्यात.

(अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. समोर खेळपट्टीवरच्या आच्छादनात पाण्याचं डबकं साठलं होतं.)

अण्णा : बाळूंचा अपमान आणि इंग्लंडमधली वर्गव्यवस्था एका तागडीत घालू नकोस. बाळूंना जन्माने बाहेर ठेवलं होतं. तिकडे व्यावसायिकाला निदान आपला भाव मागता येत होता.

मी : बरोबर आहे, दोन्ही एक नाहीत. पण भाव मागितला तेव्हा काय झालं तेही पाहा. जुलै १८९६, मँचेस्टर कसोटी. आपल्या रणजींची ती पहिलीच कसोटी, दुसऱ्या डावात नाबाद १५४. तेही ससेक्सचे हौशी खेळाडू. ही खेळी आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच सामन्यात रिचर्डसनने दोन डावांत मिळून ११० षटकं टाकली आणि १३ बळी घेतले. शेवटच्या डावात तीन तास अखंड गोलंदाजी केली, तरी ऑस्ट्रेलिया तीन गडी राखून जिंकलं. त्याची मजुरी किती? कसोटीला १० पौंड. महिनाभराने ओव्हलच्या कसोटीआधी रिचर्डसन, एबल, हेवर्ड, लोहमन आणि गन या पाच जणांनी लिहून कळवलं, की आम्हाला २० पौंड हवेत. त्या काळी कसोटी पाहायला हजारोंनी लोक येत होते, गल्ल्याची रक्कम मोठी होती. तरी ही मागणी म्हणजे बंड ठरलं. तिघांनी माघार घेतली आणि ते खेळले. गन आणि लोहमन बाहेर राहिले.

अण्णा : आणि स्टॉडार्टही खेळला नाही.

मी : हो. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी विचारायला सुरुवात केली होती, की हौशी खेळाडू 'खर्च' म्हणून नक्की किती उचलतात? त्यात ग्रेसचं नाव आलं, स्टॉडार्टचंही आलं. ओव्हलच्या सरे क्लबला जाहीर करावं लागलं, की डॉक्टर ग्रेसना लंडनला येण्या-राहण्याच्या खर्चापोटी सामन्यामागे १० पौंड मिळतात. म्हणजे हौशाचा खर्च आणि मजुराची मजुरी एकच! स्टॉडार्टने तब्येतीचं कारण दिलं आणि सामन्यातून अंग काढून घेतलं.

अण्णा : तो अपराधी होता म्हणून नव्हे. दुखावला होता म्हणून, असं मला वाटतं. आपल्या नावापुढे पैशाचा हिशेब छापून आलेला पाहणं त्याला सोसलं नसेल.

मी : इथेच मी गेले काही दिवस अडकले आहे, अण्णा. दुखावला असेल, हे खरं. पण का दुखावला? पैसे घेणं ही शरमेची गोष्ट आहे असं त्याला लहानपणापासून शिकवलं होतं. रिचर्डसनला मागायची चोरी आणि स्टॉडार्टला घ्यायची चोरी. त्या नियमाने दोघांचीही जीभ बांधली.

अण्णा : हे तू पहिल्यांदाच बोललीस. आजवर तू त्याला फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस.

मी : त्याच्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचल्यापासून मला तसं करवत नाही.

अण्णा : मग मीच सांगतो. १८९७-९८ चा दुसरा दौरा. पहिल्या कसोटीच्या तोंडावर तारेने बातमी आली, आई गेली. कित्येक आठवड्यांच्या प्रवासाचं अंतर. परत जाऊन उपयोग नाही. पहिल्या दोन कसोटी तो खेळला नाही, मॅकलॅरनने नेतृत्व केलं. त्या पहिल्या कसोटीत रणजींनी १७५ काढल्या. नंतर स्टॉडार्ट दोन कसोटी खेळला, पाचवीत स्वतःलाच वगळलं. मालिका ४-१ अशी गेली. प्रेक्षकांच्या हुर्यो आणि शिव्यांबद्दल तो जाहीरपणे बोलला, त्यावरूनही टीका झाली. त्यानंतर कसोटी नाहीच. पण शेवट कसा केला बघ. १९०० साली लॉर्ड्सवर सॉमरसेटविरुद्ध रॉलिन या व्यावसायिक खेळाडूचा बेनिफिट सामना होता. त्या मोसमात त्यासाठी म्हणून स्टॉडार्ट मैदानात उतरला आणि २२१ काढल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधली त्याची सर्वांत मोठी खेळी. सामन्याचे पैसे गेले रॉलिनच्या झोळीत. आता सांग, यात वर्ग कुठे आला?

मी : यात माणूस आला, आणि मी त्याला नमस्कार करते. पण आयुष्यभर घाम गाळलेल्या रॉलिनचं म्हातारपण एका सामन्याच्या गल्ल्यावर सोडलं होतं, हेही त्यातच आलं. पाऊस पडला असता तर? कोणा मोठ्या माणसाला यावंसं वाटलं नसतं तर? हक्काच्या जागी उपकार ठेवला की असं होतं.

अण्णा : आणि स्टॉडार्टच्या म्हातारपणाची सोय कोणी केली होती?

मी : कोणीच नाही. क्रिकेट सुटल्यावर त्याला काही धड लाभलं नाही. लंडनच्या क्वीन्स क्लबचा सेक्रेटरी झाला, म्हणजे इतरांच्या टेनिसची व्यवस्था पाहायची. तब्येत ढासळली, ते काम सोडलं. महायुद्ध सुरू झालं आणि पैशाचंही मोठं नुकसान झालं. मन खचलं होतं. एप्रिल १९१५ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्याने स्वतःच्या हाताने आयुष्य संपवलं. त्याच्या बारा वर्षं आधी, मे १९०३ मध्ये, श्रूजबरीने तेच केलं होतं. आपल्याला बरा न होणारा आजार आहे असं त्याच्या मनाने घेतलं होतं. आदल्याच मोसमात, ४६ व्या वर्षी, तो सरासरीत इंग्लंडच्या फलंदाजांत अव्वल होता.

अण्णा : एक हौशी, एक व्यावसायिक.

मी : मी इतकी वर्षं म्हणत आले, की मजुरी दिली असती तर सगळं सुटलं असतं. श्रूजबरीला मजुरी मिळत होती. त्याचं शॉबरोबर खेळाच्या सामानाचं दुकानही होतं. तरी खेळ संपल्यावर आपण कोण, हा प्रश्न त्यालाही सुटला नसावा. त्यांच्या मनात शेवटी काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि दोन मृत्यूंचा ठपका एका नियमावर ठेवणंही योग्य नाही. पण मजुरी पुरेशी नसते, एवढं मी आज मान्य करते.

अण्णा : मग मीही एक मान्य करतो. मी स्वतःला हौशी म्हणवतो, पण मी कधी हौशी नव्हतोच. ऑफिसने मला घेतलं ते बॅटिंगसाठी. हजेरीपटावर क्लार्क, दुपारी तीननंतर नेटवर. पगार टेबलाचा, काम मैदानाचं. सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. पण एकतिसाव्या वर्षी माझा गुडघा गेला, तेव्हा ते टेबल तिथेच होतं. सकाळी उठून जायला जागा होती. नावाने हाक मारणारी माणसं होती. निवृत्तीपर्यंत पगार आला, त्यावर घर चाललं, पोरं शिकली. स्टॉडार्टला ते टेबल मिळालं नाही. श्रूजबरीलाही नाही. मी हौसेच्या गोष्टी सांगतो त्या त्या टेबलावर बसून, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी : म्हणजे तुम्ही पगारी खेळाडू होतात, आणि तरी तुमची हौस गेली नाही.

अण्णा : पगाराने हौस जात असती तर मी या पावसात इथे बसलो असतो का?

एवढं बोलून अण्णा थांबले. पाऊसही कमी झाला होता, माळी आच्छादनावरचं पाणी ढकलत होते.

माझं मत आता असं आहे. खेळावरचं प्रेम आणि खेळाची मजुरी यांचं भांडण कधीच नव्हतं. ते एका वर्गाने स्वतःची जागा राखण्यासाठी लावलं. त्यात रिचर्डसनच्या घामाची किंमत कमी झाली आणि स्टॉडार्टच्या आनंदात शरम मिसळली. हौशी आणि व्यावसायिक हा भेद इंग्लिश क्रिकेटने नोव्हेंबर १९६२ मध्ये रद्द केला. फार उशीर झाला होता, पण केला. आता आपल्या पोरांना मैदानावर पाठवताना दोन गोष्टी आपणच पाहायच्या आहेत : त्यांच्या कष्टाचा दाम उघडपणे मिळावा, आणि गुडघा गेल्यावर बसायला एक टेबल असावं. अण्णांनाही हे मान्य आहे.

आणि जुना धावफलक हाती आला, तर धावा वाचण्याआधी नावं वाचा. आद्याक्षरं कुठे आहेत ते पाहा. जून १८८७ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या शताब्दीचा सामना लॉर्ड्सवर झाला. इंग्लंडकडून सलामीला दोघं आले, एक जेंटलमन आणि एक प्लेयर. पहिल्या गड्यासाठी त्यांनी २६६ धावा जोडल्या. श्रूजबरीच्या १५२ झाल्या, स्टॉडार्टच्या १५१. त्या दिवशी त्यांच्यात फरक होता तो एका धावेचा.